सामान ठेवायला सुरक्षित जागा नाही

फरशी बसवणाऱ्या त्या मिस्त्रीला आपल्या हत्यारांना कुणी हात लावलेला खपत नसे. फरशी कापायचं यंत्र, लेव्हल पट्टी, सिमेंट थापायच्या करण्या, रबरी हातोडा असं सगळं लोखंडी पेटीत भरून तो रोज गाडीतून साइटवर न्यायचा आणि रोज घरी परत आणायचा. कंबर बोंब मारायची, पण कुणी करणी उसनी मागितली तर याचा जीव वरखाली व्हायचा. खरं तर साइटवर भक्कम गोदाम होतं आणि त्याच्या किल्ल्या सांभाळायचा मिस्त्रीचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो बरेच दिवस घरी बसून होता, म्हणून मिस्त्रीनंच मालकाकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता.

जाण्यायेण्याच्या पेट्रोलपोटी करात काही सूट मिळते का, हे विचारायला मिस्त्री कर सल्लागाराकडे गेला, आणि तिथंच घात झाला.

"घरून कामावर जायचा खर्च ज्याचा त्यानं सोसायचा," सल्लागार म्हणाला. "हत्यारं जड असतील आणि कामावर ती ठेवायला सुरक्षित जागा नसेल, तरच सूट. तुमच्याकडे जागा आहे?"

"तशी आहे, पण..."

"पण काय? चोऱ्या होतात?"

मिस्त्रीनं खरं काय सांगायचं होतं? मी हत्यारांच्या बाबतीत कवडीचुंबक आहे, असं? उत्तर आयतं समोर आलं होतं.

"होतात की," तो म्हणाला.

सल्लागारानं तसं लिहिलं आणि यानं न वाचता सही ठोकली. गोदाम कुणाच्या ताब्यात आहे, हे तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नाही. काही माणसांना सही करताना डोकं बाजूला काढून ठेवायची सवय असते.

पुढं सगळं शांत होतं. मग कर कार्यालयानं मालकाकडे विचारणा केली, आणि एका संध्याकाळी मिस्त्री घरी आला तर मेहुणा स्वयंपाकघरात मान खाली घालून बसलेला. समोरचा चहा गार झाला होता.

"कुणीतरी लिहून दिलंय म्हणे, याच्या गोदामातून चोऱ्या होतात," बायको म्हणाली. "मालकानं किल्ल्या काढून घेतल्या. ज्यानं लिहिलं ना, त्याचे हात झडोत!"

मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली. हात धुवायला गेला तो बराच वेळ नळापाशीच उभा राहिला.

"रडू नकोस रे," पलीकडे बायको भावाला सांगत होती. "हे बोलतील उद्या मालकाशी. तुझ्या नावाला डाग लागलेला यांना चालेल का?"

जेवताना तो मनात हिशेब मांडत होता. गोदाम सुरक्षित आहे म्हणावं, तर आपण लिहून दिलेलं खोटं ठरतं आणि दंड बसतो. गप्प बसावं, तर मेहुणा जन्माचा चोर. मालकाला एकट्याला गाठून सगळं सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं. त्याला भीती दंडाची नव्हती, बायकोची होती.

पण सकाळी गाडीपाशी मेहुणा तयार होऊन उभा. "मीपण येतो, दाजी. तुम्ही असलात की मला धीर येतो."

वाटेत मेहुणा कोणाकोणावर संशय आहे ते सांगत होता. वॉचमन, रंगारी, ट्रकवाला. मिस्त्री नुसता हं हं करत राहिला. मागं पेटीतली हत्यारं खडखडत होती.

मालक पत्र्याच्या केबिनमध्ये बसला होता. मेहुण्यासमोर मिस्त्रीची जीभ भलतीकडेच वळली. "मालक, गोदाम एकदम सुरक्षित आहे. याच्या ताब्यातून खिळासुद्धा गेलेला नाही."

मालकानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग कर कार्यालयाकडून आलेला टेबलावरचा कागद फिरवून पुढं सरकवला. "मग मिस्त्री, ही सही कुणाची?"

मेहुणा वाकून वाचू लागला. वाचून झालं तरी त्यानं मान वर केली नाही.

"मला फक्त पेट्रोलचं..." मिस्त्री म्हणाला.

"कर कार्यालयाला काय कळवायचं ते मी कळवतो," मालक म्हणाला आणि त्यानं किल्ल्या मेहुण्याच्या हातात दिल्या. "तू कामाला लाग."

मेहुणा दारापर्यंत गेला आणि थांबला.

"ताईला मी काही सांगणार नाही, दाजी."

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हीच सांगा," मेहुणा म्हणाला. "मी संध्याकाळी येईन, तेव्हा तिला कळलेलं असू दे."