तालीमघराविरुद्ध पडलेले पाचवे मत

संस्थेच्या दप्तरात त्यांचे संपूर्ण नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे यथास्थित नोंदलेली आहेत. आयुष्य एक्याऐंशी वर्षांचे. त्यांपैकी सेहेचाळीस वर्षे रंगभूमीच्या सेवेत गेली. त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचे मात्र ऐकिवात नाही. समोर सारे 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'पुन्हा-एकदा', कारण तालमीत त्यांच्या तोंडून सर्वाधिक वेळा बाहेर पडणारे शब्द तेच होते.

पडदा ओढण्यापासून सुरुवात करून ते क्रमाने नाट्यविद्यालयाचे प्राचार्य, मोठ्या नाट्यगृहाचे संचालक आणि अखेरीस आमच्या कलाकेंद्राचे प्रमुख झाले. पदे बदलली, सवय बदलली नाही. उद्घाटनास आलेल्या एका मंत्र्यांचा प्रवेश त्यांना फिका वाटला, तेव्हा त्यांना परत बाहेर पाठवून पुन्हा आत यावयास लावले. मंत्र्यांनी जाताना आभार मानले. साहेबांच्या पत्नी सांगत, "ह्यांनी मागणी घातली तेव्हा मी हो म्हटलं, तर म्हणतात कसे, 'छान! आता जरा थांबून म्हण.'"

केंद्रातील तळमजल्याचे तालीमघर हा त्यांचा जीव की प्राण. तेथे जुन्या कागदपत्रांची कपाटे ठेवावीत, असा प्रस्ताव नियामक मंडळातील वकीलसाहेबांनी आणला. तालीमघर गेले असते, तर नाटक बसवायला दुसरी खोली नव्हती. साहेबांनी घरोघरी जाऊन मनधरणी केली आणि नवांपैकी, स्वतःचे धरून, सहा मते पक्की केली. इतिवृत्त लिहिण्याचे काम चिटणीस या नात्याने माझ्याकडे होते.

सभेत वकीलसाहेब उठले आणि पुटपुटू लागले. दाताखाली खडा यावा तसा साहेबांचा चेहरा झाला.

"वकीलसाहेब, 'वाळवी' हा शब्द गिळू नका. तिथे थांबा, मग खिडकीकडे बघा."

"अहो, मी तुमच्याविरुद्ध बोलतोय!"

"म्हणूनच तर! विरोध ऐकू तरी यायला हवा. पुन्हा एकदा."

तिसऱ्या खेपेस वकीलसाहेबांचा आवाज जिन्यापर्यंत पोहोचला. "आपल्या पूर्वजांची अक्षरं वाळवी..." ते थांबले, खिडकीकडे पाहिले, "...खाते आहे!" साहेबांना मत कबूल केलेल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले.

वाक्य मनाजोगते उतरले की 'हे पक्के' अशा अर्थाने साहेब उजवा हात उंच धरीत. तसा तो त्यांनी धरला आणि त्याच क्षणी अध्यक्षांनी प्रस्तावाच्या बाजूचे हात मागितले. तीन हात विरोधकांचे, चौथा डॉक्टरीणबाईंचा.

"साहेब, आपला हात," मी हळूच म्हणालो.

"थांबा हो! वाक्य कसं उभं राहिलंय बघा."

पाच विरुद्ध चार. मी शाईने नोंद केली. साहेब भानावर आले. "अहो, ती खूण होती, मत नव्हे!"

"नियमांत खुणेची तरतूद नाही," अध्यक्ष म्हणाले. नियमावली मीच तयार केली असल्याने मला दुजोरा द्यावा लागला.

घरी पत्नी म्हणाल्या, "माकडाच्या हाती कोलीत नुसतं दिलं नाहीत, ते कसं धरायचं तेही शिकवलंत!"

पंधरवड्यात बावीस कपाटे आली. तालमी जिन्यावर होऊ लागल्या. एके दिवशी वकीलसाहेब तेथे संकोचत आले. त्या भाषणापासून त्यांना चैन पडत नव्हते. एखादी लहानशी भूमिका मिळाली तर पाहावी, असे म्हणाले. साहेबांनी दिली. तीन महिने जिने चढून-उतरून गुडघे धरल्यावर तालीमघर परत करण्याचा प्रस्ताव स्वतः वकीलसाहेबांनीच आणला आणि तो एकमताने संमत झाला.

कपाटांसाठी मात्र दुसरी जागा मिळेना. साहेबांनी उरलेली सहा वर्षे कपाटांमधल्या बोळांतून नाटके बसवली. त्या काळातील त्यांच्या सर्व नाटकांत पात्रे एकामागून एक रांगेने चालतात, याचे समीक्षकांनी पुष्कळ खोल अर्थ लावले आहेत. त्यांच्या निधनानंतर मंडळाने तालीमघराला त्यांचे नाव दिले. कपाटे हलवण्याचे काम अद्याप बाकी आहे.