अडतीस छर्ऱ्यांची सुरी

पाकदे सकिरान मुके नाहीत. भट्टीवर बसले की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि त्यात त्यांची स्वतःची पिढी पण येते हे विसरतात. फक्त बू लास्मीचं नाव निघालं की गप्प. कॉफीच्या ग्लासात माशी पडल्यासारखे आत बघत बसतात.

पाकदे म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. आमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं लोहार होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मी दहावी अर्ध्यात सोडून गेट-ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करायला लागले तेव्हा घरात सगळे बोंबलले. हे एकटे म्हणाले, "हात चांगला आहे तिचा. गप्प बसा." तेव्हापासून पाकदेंना कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. संपलं.

बू लास्मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. गाळप सुरू व्हायच्या आधी दरवर्षी आमच्याकडं उसाचं लग्न लागायचं. दोन सरळ ऊस निवडायचे, एक नवरा, एक नवरी. बाटिकचं कापड गुंडाळायचं, वाजतगाजत न्यायचं आणि चरकात पहिले तेच दोन घालायचे. नवरा-ऊस पाकदेंच्या हातात असायचा, नवरी-ऊस बू लास्मीच्या. चौदा वर्षं दोघं शेजारी शेजारी चालले. तिचा नवरा, पाक जुमिरान, उसाची रेल्वे चालवायचा. तो पुढं ढोलाबरोबर नाचायचा. कुणी काही वावगं केलं नाही. त्या दिवशी पाकदे नवी टोपी घालायचे, एवढंच.

मग कारखाना बंद पडला. पाक जुमिरान वारला. बू लास्मीला मुलानं समुद्रापलीकडं लांपुंगला नेलं, कॉफीच्या मळ्यावर. पाकदेंनी एकदाही फोन केला नाही. मी म्हटलं, करा की. तर म्हणे, "दुखवट्यातल्या बाईला काय फोन करायचा!"

यंदा कळलं, नवऱ्याचा हजारावा दिवस करायला ती गावी येणार. हजार दिवस झाले की थडग्यावर पक्का दगड बसतो, गावजेवण होतं, दुखवटा संपतो. चार दिवस राहणार आणि परत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाकदेंनी पलंगाखालून बिस्किटाचा डबा काढला. आत तेलकट फडक्यात बेरिंगचे छर्रे. एकेक बोरासारखा.

"हे काय?"

"चरकाच्या शाफ्टचे. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, पाहिजे ते घेऊन जा. लोकांनी पंखे नेले."

"आणि तुम्ही छर्रे?"

"अडतीस आहेत. एक सुरी होते."

"कुणाला?"

"स्वयंपाक करणाऱ्या माणसाला."

"मी पण करते स्वयंपाक."

"तू नूडल उकळतेस."

छर्ऱ्यांची सुरी करायची म्हणजे चौकोनी पाइपचा डबा करायचा, छर्रे भरायचे, फटींमध्ये पोलादाची पूड भरायची, तोंड वेल्डिंगनं बंद करायचं आणि सगळा डबाच लाल करून ठोकायचा. आत सगळं एकजीव होतं. छर्रे डब्याला चिकटू नयेत म्हणून आतून व्हाइटनर फासायचं. माझ्या दप्तरातली ती एकच वस्तू आयुष्यात कामाला आली. पूड करवतीला धार लावणाऱ्याकडून आणली, चुंबकानं वेचली, पाच वेळा चाळली.

"थोडी पूड टाक, डबा आपट. थोडी टाक, आपट," पाकदे म्हणाले. "शंभर वेळा आपट. आत फट राहिली तर तिथं जोड बसत नाही."

मी आपटला. शंभर वेळा नाही. वीस, पंचवीस. वर भरलेला दिसला, मला दुकानात जायचं होतं, मी झाकण ठेवलं आणि वेल्डिंग मारलं. वाफेला बारीक भोक ठेवलं, तेवढं मात्र विसरले नाही.

दोन सकाळी ठोकला. डबा हळदीसारखा पिवळा झाला की पाकदे छोट्या हातोडीनं जागा दाखवायचे आणि मी तिथं घण घालायची. आधी हलके, मग दणके. "जाळू नकोस! छर्ऱ्याचं पोलाद जास्त तापलं की खडीसाखरेसारखं फुटतं!" ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. वरचा डबा सोलून काढला, पातं केलं, खोबरेल तेलात विझवलं, तापल्या वाळूत धरलं. पाकदेंनी घासून घासून त्यात तोंड दिसेल असं केलं. मग लिंबाच्या रसात बुडवलं. नक्षी त्या रसातच उमटते, तोपर्यंत काही दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. पाकदेंनी उजेडात तिरकं धरलं. बघत राहिले. मग तोंडच उतरलं.

"काय झालं?"

त्यांनी नख ठेवलं. पाठीच्या बाजूला, मुठीजवळ, केसाएवढी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी लांब.

"फारकत," ते म्हणाले.

आमच्याकडं लोहार याला पोलादाची फारकत म्हणतात. दोन थर एकमेकांना धरत नाहीत. असं पातं ज्याच्या घरी जातं त्या घरची माणसं तुटतात, असं मानतात. पाकदे असं पातं कुणाला देत नाहीत. एकदा सरपंचाला दिलं नव्हतं.

"वेल्डिंग मारते ना वरून."

"ती बुजेल. जुळणार नाही."

"अहो पाकदे, कांदा कापायची सुरी आहे! तलवार आहे का?"

पाकदेंनी पातं पुसून ठेवलं. मूठ मात्र बसवली, फणसाच्या लाकडाची, दोन दिवस तासून. आणि सुरी कपाटावर ठेवून दिली. दुसरी करायला छर्रे नव्हते. मला रात्रभर झोप नाही. वीस, पंचवीस. आणखी पाऊणशे वेळा आपटला असता तर माझा काय हात मोडला असता?

बू लास्मी आली. दगड बसला, जेवण झालं. आख्खा गाव तिच्या घरी, पाकदे पण गेले, मागच्या रांगेत बसून दुवा मागून आले. बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी ती स्वतःच आमच्याकडं आली, जेवणाचा डबा घेऊन.

"कांग सकिरान, काल न जेवता उठलात." कांग म्हणजे दादा.

"जेवलो, जेवलो. बसा. तुम्ही बसा."

आम्हाला शिव्या देणारा माणूस तिच्याशी राजवाड्यात उभं असल्यासारखं बोलतो.

"लांपुंगला ऊन असतं का?" पाकदे.

"असतं."

"इथंही आहे."

"हो ना."

मग दोघं कोंबडीकडं बघत बसले. मला सहन होईना. तिकडं बस सुटायची वेळ होत आली आणि यांचं ऊन चाललंय. मी आत गेले, सुरी आणली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

"तुमच्यासाठी केलीय. आपल्या चरकाच्या छर्ऱ्यांची. फारकत पडली म्हणून देत नाहीयेत. चूक माझी आहे, त्यांची नाही. मी घाई केली."

"पोरी!" पाकदे ओरडले. कान लाल.

बू लास्मीनं हात ओढणीला पुसले. सुरी उचलून दाराच्या उजेडात धरली. पात्यावर सगळीकडं दाबून चपटे झालेले गोल, एकाला एक चिकटून.

"ही तर भरलेली उसाची गाडी," ती म्हणाली. "मागून बघितल्यावर टोकं दिसतात ना, तशी."

पाकदे वळून बघायला लागले. त्यांना ते दिसलंच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष त्या रेघेवर.

"कुठंय फारकत?"

त्यांनी लांबूनच बोट दाखवलं. "घरात ठेवू नये. माणसं लांब जातात."

"कांग, कारखाना गेला. जुमिरान गेला. मी दुपारच्या बसनं जाते, पुढं रात्रभर रेल्वे, मग बोट, मग परत बस. अजून किती लांब नेणार ही मला?"

"मी दुसरी करतो."

"छर्रे आहेत?"



तिनं डोक्यावरची ओढणी काढली, सुरी त्यात गुंडाळली, आणि जेवणाचा डबा परत न घेताच उठली. पाकदे दारापर्यंत गेले. मला वाटलं आता बोलतील. बोलले.

"चिंच कापली तर लगेच पुसा. डाग पडतो."

"पुसते."

बसथांब्यावर तिला आणि तिच्या सुनेला मी सोडायला गेले. पाकदे भट्टीतली राख काढत बसले. त्या भट्टीत आठवडाभर राखच पडली नव्हती.

आणि आता परवाची गोष्ट. माझ्या फोनवर लांपुंगहून बू लास्मीचा फोन. "कांगना दे." मी स्पीकर लावून दिला.

"कांग, रोज वापरते. पण ती रेघ वाढलीय. आता दोन दाण्यांएवढी आहे. काय करू?"

"वापरणं बंद करा," पाकदे घाईनं म्हणाले. "मी बघतो. मलाच बघावी लागेल."

"कुरिअरनं पाठवू?"

"कुरिअरवाले घेत नाहीत. धारदार वस्तू अजिबात घेत नाहीत."

साफ खोटं. आमचा मालक कोयते पाठवतो कुरिअरनं. मी तोंड उघडलं तर पाकदेंनी माझा पाय असा दाबला की डोळ्यांत पाणी आलं.

पलीकडं कोंबडं आरवलं.

"हो का," बू लास्मी म्हणाली. "आमच्या इथला पोरगा पण तेच म्हणाला." तो पोरगा रोज तिच्या सुनेची पार्सलं आणतो, सुनेनंच मला बसथांब्यावर सांगितलं होतं. "मग मलाच घेऊन यावी लागेल. कॉफी तोडून झाली की."

"या," पाकदे म्हणाले. "सावकाश या. म्हणजे, फार सावकाश नको. भेग वाढते."

फोन कट झाला तरी त्यांनी तो कानाला धरून ठेवला होता.

"कॉफी कधी तोडतात?" मला विचारलं.

मी सुनेला मेसेज करून विचारलं. तिनं मळ्याचा फोटो पाठवला. अजून नुसती फुलंच आहेत, पांढरी.