नाव घेऊन केलेली प्रार्थना

प्रिय एस्तेर आणि जोएल,

डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "घरात आणखी कोण असतं?" आजाराचं नाव त्यांनी अजून घेतलं नव्हतं. पण त्या प्रश्नावरूनच कळलं, की हे दुखणं माझ्यापुरतं राहणारं नाही.

"पल्मनरी ट्युबरक्युलॉसिस," ते म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय, सगळे ज्याला टीबी म्हणतात तो. कित्येक आठवडे खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं, ब्लाउज सैल झाले होते. मी सोलापूरच्या धुळीला दोष देत बसले होते. तुम्हाला असा खोकला झाला तर बसू नका.

मी सांगितलं, घरात मी एकटी, स्वयंपाकाला महादेवी येते. "तिलाही घेऊन या," ते म्हणाले.

महादेवी म्हणजे तुम्हाला शेंगाचटणी पाठवते ती. मूळची अक्कलकोटकडची. नवरा गेल्यापासून ती आणि दहावीतली मुलगी शुक्रवार पेठेत एका खोलीत राहतात. तिची स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, झाली. तिलाही टीबी निघाला.

"माज्यामुळं झालं व्हय आजीला?" तिनं विचारलं.

"कोणाकडून कोणाला, हे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा जंतू हवेतून जातो, ताटापेल्यातून नाही. खिडक्या उघड्या ठेवा, पोटभर जेवा, रोज गोळ्या घ्या. सहा महिने. मध्ये सोडायच्या नाहीत."

"सोडल्या तर?" मी विचारलं.

"तर तो परत येतो. आणि मग या गोळ्यांना ऐकत नाही."

सुरुवातीला आम्ही दोघी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून गोळ्या घ्यायचो. पहिल्याच दिवशी महादेवी न्हाणीघरातून घाबरून आली. "आजी, लघवीला लाल होतंय की!" मी म्हटलं, माझंही. गोळीचा रंग उतरतो, एवढंच. त्यावर ती म्हणाली, "मग आपण दोगी आता रंगपंचमीच खेळतोय," आणि हसता हसता इतकी खोकली, की भिंतीला हात टेकून उभी राहिली.

आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब भेटायला आले. मनाने फार चांगले. स्वयंपाकघरात महादेवीचा खोकला ऐकून ते मुद्दाम आत गेले, तिची विचारपूस केली, तिचं नाव विचारलं. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यानं आपलं नाव विचारावं, याचा तिला आनंद झाला. तिनं नाव सांगितलं, गल्लीही सांगितली.

आपल्या मंडळीत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नाव, आजार आणि पत्ता सगळं सांगतात. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून की काय, कोण जाणे. त्या रविवारी मी घरूनच फोनवर उपासना ऐकत होते. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी मंडळीत मी अजून टीचरच. पाळकसाहेबांचा आवाज घुमला, "प्रभो, आमच्या टीचरना, आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या शुक्रवार पेठेतल्या महादेवीला टीबीतून मुक्त कर." सगळ्या मंडळीनं मोठ्यानं "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी महादेवीची दोन घरं सुटली. दोन्ही आपल्याच मंडळीतली. तिसऱ्या घरी, शेजारच्या व्यापाऱ्यांकडे, बातमी तिथूनच गेली आणि तेही सुटलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुज्यासाटी प्रार्थना करतोय गं, पण येऊ नको."

मला मात्र त्याच घरांतून सूप आलं, डाळिंबं आली. "कामवालीकडून लागलं हो तुम्हाला," असं वर सांत्वन. डॉक्टरांचं म्हणणं मी फोनवर सगळ्यांना सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी, पण आधीच ठरवलेलं कुणी बदललं नाही.

काही दिवस ती माझ्याकडे तेवढी येत राहिली. मग तेही बंद झालं. फोन बंद. गोळ्या देणारी आरोग्यसेविका मला विचारायला आली, तेव्हा कळलं, की महादेवी तिला दारातूनच परत पाठवते.

मी मास्क लावून तिच्या खोलीवर गेले. दार लावलेलं, खिडकीही लावलेली. आत ती विड्या वळत बसली होती. तंबाखूच्या धुळीनं मला ठसका लागला.

"दार उघड गं आधी."

"उगडं ठेवलं की गल्ली बघती, आजी. तुमच्याकडं यायची बी लाज वाटती, लोक म्हनत्यात मीच लावलं तुमाला."

"आणि गोळ्या?"

"रिकाम्या पोटी उलटी हुती. ती गोळीवाली बाई दिसली की घरमालक इचारतो, कशाला आली हुती. खोली गेली तर पोरीला घिऊन कुटं जाऊ?"

मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. मान वर न करता ती एकदा खोकली. कोरडा, लहानसा खोकला. महादेवीनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

मी दोघींना दवाखान्यात नेलं. नमुने पुन्हा गेले. बाकावर बसून वाट पाहण्याची मला आता सवय झाली होती, पण आपल्या रिपोर्टसाठी वाट पाहणं त्यामानानं सोपं असतं.

दरम्यान माझा औषधाचा काळ संपला. मी बरी झाले. पाळकसाहेबांनी रविवारी साक्ष द्यायला सांगितलं. देवानं आपल्यासाठी काय केलं, हे सर्वांसमोर सांगायचं. मी उभी राहिले.

"मी बरी झाले, देवाचे उपकार," मी म्हटलं. "माझ्याबरोबर आपण जिचं नाव घेतलं, ती बरी झाली नाही. त्या प्रार्थनेनंतर तिची कामं गेली, मग जेवण गेलं, मग गोळ्या सुटल्या. प्रभू येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं आणि सांगितलं, कुणाला सांगू नको. आपण सगळ्यांना सांगितलं, आणि हात कुणीच लावला नाही."

मी खाली बसले. साक्षीनंतर आमेन म्हणतात. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात रिपोर्ट आले. मुलगी सध्या तरी सुटली. तिला प्रतिबंधक औषध सुरू झालं. महादेवीच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी बोट ठेवलं. "ड्रग रेझिस्टन्स." म्हणजे नेहमीच्या औषधाला जंतू दाद देत नाहीत. "हा आधीपासून होता की गोळ्या सुटल्यामुळं झाला, ते आता कळणार नाही. आता दुसरी औषधं, जास्त कडक. बरं होतात लोक. पण या वेळी चुकायचं नाही."

मी पाळकसाहेबांना कळवलं. ते लगेच माझ्याबरोबर तिच्या खोलीवर आले. तिला कामावरून काढणाऱ्या मंडळीतल्या दोन्ही घरी ते स्वतः जाऊन आले होते. एकीनं रोजचा डबा द्यायचं कबूल केलं होतं, दुसरीनं दार उघडलं नव्हतं. हे सांगून झाल्यावर त्यांनी सवयीनं डोळे मिटले, हात वर केला आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "हे दयाळू पित्या, तुझी लेक महादेवी..."

"पाळकसाहेब, हळू की," महादेवी म्हणाली. "समोरची उभी हाय."

ते दार लावायला वळले. मीच त्यांना थांबवलं. दार लावायचं नाही, हवा खेळती हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग ते तसेच उभे राहिले. आवाजानं सगळं चर्च भरून टाकणारा तो माणूस मास्कमागे एक शब्दही न उच्चारता प्रार्थना करत होता. समोरच्या दारातली बाई आत गेली नाही. महादेवीनं डब्यातली भाकरी संपवली, एकेक नवी गोळी घशाखाली उतरवली आणि दर गोळीला डोळे घट्ट मिटले. शेवटची गोळी पोटात राहते की उलटून पडते, हे पाहत आम्ही थांबलो.

राहिली. मी मनातल्या मनात आमेन म्हटलं.

तुमची,
आजी