पुस्तकात ‘नाही’, तोंडात ‘न्हाई’

सुमनबाई साळवे यांची माझी पहिली ओळख झाली ती आवाजावरून. आणि तोही त्यांचा नव्हे, त्यांच्या पहिलीच्या वर्गाचा. टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी नव्यानेच रुजू होत होतो. फाटकातून आत शिरतो तोच एका खोलीतून साऱ्या पोरांचा एकदम गलका आला, “न्हाईऽऽ!” मला वाटलं, माझ्या येण्यालाच विरोध आहे की काय!

डोकावून पाहिलं, तर बाई सतरंजीवर बसून एका हट्टी शेळीची गोष्ट वाचत होत्या. “शेळीबाई, घरी येतेस का?” असं वाचून त्या थांबत, पुस्तक पोरांपुढे धरत, पुढच्या शब्दावर बोट ठेवत आणि वर्ग छप्पर उडवून देई. पुस्तकात छापलेलं होतं ‘नाही’. मधल्या सुट्टीत मी नव्या मास्तराच्या ऐटीत विचारलं, “बाई, पोरं चुकीचं वाचतात, हे चालतं?” बाई हसल्या. “सर, त्यांनी शब्द ओळखला, समजून घेतला आन् आपल्या घरच्या बोलीत सांगितला. वाचणं म्हंजे मंग दुसरं काय असतं? बसा, चहा घ्या.” चहा फार गोड होता, एवढं आठवतं.

बाई प्रमाण भाषा शिकवत नसत, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. फळ्यावर एका बाजूला ‘घरचा शब्द’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकातला शब्द’. ‘गेल्ता’च्या शेजारी ‘गेला होता’. पोरं घरून शब्द हुडकून आणत आणि त्याचा पुस्तकातला जोडीदार शोधायला पुस्तकं धुंडाळत. तिसरीत जाईपर्यंत कुठे काय लिहायचं, हे त्यांना बराबर कळे. पण कुणा लेकराच्या तोंडचा शब्द बाईंनी कधी हिणवला नाही.

या पद्धतीची खरी कसोटी लागली ती मंगलच्या वेळी. मंगल ही मेंढपाळाची लेक. तिचे वडील रानोमाळ फिरत. पोर आजीजवळ राहून शाळेत येई. एकदा ते बाईंना बजावून गेले, “बाई, सायेब तपासायला येणार हायेत म्हणं. पोरीला वाचता येतंय म्हणले तर राहू द्या हितं. न्हाई तर मंग नेतो मेंढरामागं. नुसती बसून काय करून राह्यली?” बाईंनी मान डोलावली, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

तपासणीला साहेब आले. दाराशी घोंगडी खांद्यावर टाकून मंगलचे वडीलही उभे. साहेबांनी कागद पुढे केला. त्यावर होतं, ‘आई घरी आली नाही. बाबा बाजाराला गेले होते.’ मंगलने खणखणीत वाचलं, “माय घरी आली न्हाई. बापू बाजाराला गेल्ते!” साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हिला वाचता येत नाही, बाई. ही मनानेच बोलते.” दारातल्या वडिलांचा चेहरा उतरला.

बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ‘साहेबांच्या खिशाला शाई लागली आहे.’ मंगलने एकेका शब्दावरून नजर नेली. “सायबाच्या... खिशाला... शाई...” आणि गर्रकन वळून साहेबांच्या छातीकडे बोट केलं. “आगं माय! खरंच की!” उन्हाने साहेबांचं पेन पाझरलं होतं आणि पांढऱ्या सदऱ्यावर हा एवढा निळा डाग! साहेबांनी खाली पाहिलं, आणि मग काय, वर्गाच्या आधी तेच हसले. “वाचता येतं, बाई. बिलकुल येतं!” मंगलचे वडील एवढंच म्हणाले, “मंग ऱ्हाऊ द्या. मेंढरं माझी मीच बघतो.” बाईंनी पदराने डोळे टिपले आणि खडूची धूळ गेली म्हणाल्या.

बाईंच्या मायेचा अनुभव माझ्या घरानेही घेतला आहे. माझ्या मुलीच्या उष्टावणाला बाईंनी जुन्या साड्यांच्या चिंध्यांचं, चित्रं शिवलेलं पुस्तक आणलं. पोरीने पहिलं पान थेट तोंडात घातलं. मी ओढायला गेलो, तर बाई माझ्यावरच डाफरल्या, “खाऊ द्या, सर! पुस्तकाची गोडी अशीच लागती.” आज ती पोर जेवताना पुस्तक मिटत नाही आणि तिची आई त्याचा दोष बाईंना देते.

निवृत्तीनंतर बाई जालन्यात मस्तगडला राहायला आल्या. ओट्यावर रोज संध्याकाळी पोरं जमतात. कुणाच्या घरी दखनी उर्दू बोलतात, कुणाच्या घरी मारवाडी. आता डोळे फार साथ देत नाहीत, म्हणून पोरंच बाईंना वाचून दाखवतात. शेळीची गोष्ट अजून चालू आहे. बाईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथाची वार्ता कळताच मंगलने घनसावंगीहून, सासरहून, फोन केला, “सर, सत्काराला मी लेकीला घेऊन येणार. तिला बी बाईंजवळ एकदा वाचायचंय.”

बाई, तुम्हाला पंच्याहत्तरावं वर्ष लागलं, यावर आमचा विश्वास बसत नाही. तुमची नजर सुखरूप राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि ओटा कायम भरलेला असो. पुढच्या कैक वर्षांत कुणी विचारलंच, “बाई थकल्या का?” तर मंगलने, तिच्या लेकीने, आम्ही साऱ्यांनी मिळून छप्पर उडवून द्यावं, “न्हाईऽऽ!”

मुद्रितशोधकांना हात जोडून विनंती, एवढा शब्द सुधारू नये.