माझ्याकडे तर चालतंय

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी पायथनसाठी एक लायब्ररी लिहिली. इतरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये वापरावा असा तयार कोड. तिच्या मदतीने एक प्रोग्राम अनेक कामं एकाच वेळी करू शके. ओपन सोर्स होती. कोणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, चूक सापडली तर सर्वांसमोर कळवावी. ती बरीच पसरली. बायको म्हणायची, "लोक नातवाचा फोटो दाखवतात, तुम्ही कोड दाखवता." खरंच दाखवत होतो.

एक तक्रार नाशिकमधूनच आली. द्राक्षांच्या शीतगृहासाठी प्रोग्राम लिहिणारी मुलगी, मूळची सुरगाण्याच्या आदिवासी भागातली. कॉलेज रोडवर प्रोग्रामर मंडळींच्या बैठकीत एकदा भेटली होती, तेवढीच ओळख. तिचा प्रोग्राम सगळ्या खोल्यांचं तापमान एकाच वेळी वाचायचा आणि एखादी खोली तापली की फोनवर इशारा द्यायचा. तो कधीकधी जागच्या जागी थांबतो, असं तिनं लिहिलं होतं. कारणही दिलं होतं. माझ्या कोडात दोन किल्ल्या आहेत असं समजा. एक काम पहिली किल्ली धरून दुसरीची वाट बघतं, दुसरं काम दुसरी धरून पहिलीची. दोन्ही कायमची अडकतात.

मी तपासलं, पण कसं ते सांगायला हवं. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून मी कोडात ठिकठिकाणी 'इथे आलो', 'किल्ली घेतली' असं छापणाऱ्या ओळी घातल्या. प्रोग्राम दिवसभर चालला, अडकला नाही. छापण्यात वेळ जातो, कामं मागेपुढे होतात आणि टक्कर टळते, हे या कामातल्या कोणालाही ठाऊक असतं. मलाही होतं. त्या ओळी काढून पुन्हा चालवायला हवं होतं. चालवलं नाही. सुरगाण्याची पोरगी माझ्या कोडात चूक काढते, हे डोक्यात आधीच बसलं होतं.

तक्रारीखाली मी लिहिलं, "माझ्याकडे तर चालतंय. हा नवशिक्यांचा खेळ नाही. आधी पाया पक्का करावा." आणि तक्रार बंद केली. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले.

त्याच हंगामात तिचा प्रोग्राम अडकला. एका खोलीचं यंत्र बंद पडलं, पडद्यावर मात्र जुनंच तापमान दिसत राहिलं. आतला निर्यातीचा माल गेला. चूक लायब्ररीत आहे असं तिनं साहेबाला सांगितलं. साहेबानं माझं उत्तर उघडून तिच्यासमोर धरलं. नोकरी गेली. बैठकीतल्या एकानं मला हे तेव्हाच सांगितलं होतं. "वाईट झालं," म्हणालो आणि चहा मागवला.

पुढे एका परदेशी गृहस्थानं अगदी तीच तक्रार लिहिली. त्याचं मला लगेच पटलं. छापण्याच्या ओळी काढल्या आणि चहा गार व्हायच्या आत प्रोग्राम अडकला. दोन्ही किल्ल्या सगळ्यांनी एकाच क्रमानं घ्यायच्या, एवढीच दुरुस्ती होती, आणि ती त्या मुलीनं आधीच सुचवली होती. नव्या व्हर्जनसोबत मी आभार मानले ते त्या गृहस्थाचे.

बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तसं हे जास्त टोचू लागलं. चौकशी करत यंदा सुरगाण्याला गेलो. बसस्टँडजवळ ती ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते.

"सर? तुम्ही?"

समोर बसलेला म्हातारा म्हणाला, "ताई, आधी माझं करा. बसून बसून सुकलो मी."

"तुम्ही कुठं सुकताय काका? गप बसा," ती हसून म्हणाली.

मी तिथंच सांगितलं. चूक माझी होती, तुझी तक्रार पुन्हा उघडतो, तुझ्या नावानिशी सगळं लिहितो.

"मला माहितीये सर. तुमचं नवं व्हर्जन आलं तेव्हाच वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठं बोलू? सगळे हसले होते तिथंच?" म्हाताऱ्याचा अंगठा तिनं मशीनवर दाबून धरला. "नोकरीला जाईन तिथं लोक माझं नाव नेटवर शोधायचे, आणि सगळ्यात वर तुमचं ते वाक्य. पुसून टाका सर. माझी तक्रार, तुमचं उत्तर, सगळं."

"पण तू बरोबर होतीस हे त्यातच दिसतं ना."

"मी बरोबर होते हे मला माहितीये." मग म्हाताऱ्याला, "काका, अंगठा पुसा, उमटत नाही."

घरी येऊन लायब्ररीच्या पहिल्या पानावर माझ्या पूर्ण नावानं लिहिलं. ही चूक मला आधी दुसऱ्याच व्यक्तीनं दाखवली होती, मी नीट तपासली नाही, वर तिची टिंगल केली, आणि आभार भलत्याचे मानले. मग तिची तक्रार उघडून शेवटपर्यंत वाचली. इतकं स्वच्छ लिहिलेलं मी तेव्हा वाचलंच नव्हतं. पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी खाली विचारलं होतं, "आधी दाखवली होती याला पुरावा काय?"

मी उत्तर दिलेलं नाही.