फळाताई आणि चव्वेचाळीसचा चौकोन

तुमच्या कामाच्या जागी कोण कोणाशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर पाच वर्षांच्या योजनेच्या गप्पा माझ्यासमोर मारू नका. मी भांडेन. योजनेची पुस्तकं मीही वाचली आहेत, वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन, आणि शाळेत कोणी पाठवलं नाही म्हणून दुप्पट रागाने वाचली आहेत. पण मला योजना शिकवली ती पुस्तकांनी नाही. फळाताईने शिकवली.

हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा एक धुलाईखाना आहे. खाली यंत्रं: धुणारी, पिळणारी, वाळवणारी. वर घडीचं दालन. तिथे बारा लांब टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला दोन माणसं, कारण मोठी चादर एकट्याने घडी होत नाही. दोघांनी चार टोकं धरायची, एक झटका, दुसरा झटका, दोन पावलं पुढे, टोकाला टोक, खाली वाकून मधली दुमड उचलायची, संपलं. बघायला सोपं वाटतं. करून बघा, चादर भिजलेल्या कुत्र्यासारखी अंगावर येते.

या दालनाच्या दाराशी एक काळा फळा होता. रोज सकाळी पावणेसातला फळाताई त्यावर लिहायची, आज कोण कोणाबरोबर, कोणत्या टेबलावर. एवढंच तिचं काम. हुद्दा कसला नाही. आधी बारा वर्षं तिने स्वतः घड्या घातल्या, मग खांदा गेला, तेव्हा तिच्या हातात खडू दिला, त्यालाही आता अठरा वर्षं झाली. बुटकी बाई, चष्मा दोरीला बांधलेला, एप्रनच्या खिशात खडूचे तुकडे. शिंकली तरी पांढरा धूर निघायचा.

जोड्या ती उगाच लावत नसे. उंच माणसाला बुटक्यासमोर उभं केलं की घडी तिरकी येते. जिचा सोमवारी खांदा धरतो तिला सोमवारी उशांचे अभ्रे. जो गुणगुणतो त्याच्यासमोर जिचे हात संथ चालतात ती, म्हणजे गाण्याच्या ठेक्याने ती ओढली जाते. घरीसुद्धा हेच. तिच्या नवऱ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि जावई अखंड बोलतो. जेवताना जावई कायम सासऱ्याच्या डाव्या हाताला. अकरा वर्षांत त्या दोघांचं एकदाही वाजलेलं नाही, आणि सासरा किती शांत स्वभावाचा, म्हणून जावई बाहेर कौतुक करतो.

आणि सात नंबरचं टेबल. तिथे दोन जावा, थोरली आणि धाकटी. दोघींचा सहा वर्षं अबोला. कारण एक सुटकेस. धाकटीने प्रवासाला म्हणून नेली, परत आणली तेव्हा तिचं एक चाक गायब. थोरली म्हणाली, नेली तेव्हा चार होती. धाकटी म्हणाली, नेली तेव्हाच तीन होती. तिथे बोलणं संपलं. फळाताईने दुसऱ्याच दिवशी त्यांना एका टेबलावर टाकलं. सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण झालं असं, की एकीने हात सैल सोडला तर दुसरी नुसतं बघणार, आणि ते बघणं दोघींनाही सहन होणारं नव्हतं. गप्पा नाहीत, उसासे नाहीत, थांबणं नाही. सहा वर्षं सात नंबरच्या टेबलाने बाकी कोणत्याही टेबलापेक्षा दीडपट चादरी काढल्या.

मग बाणवाले साहेब आले.

एका मोठ्या नव्या हॉस्पिटलचं काम मिळण्याजोगं होतं, म्हणून मालकांनी हा सल्लागार बोलावला. जिथे तिथे बाण काढायचा, म्हणून दालनाने त्याचं हे नाव ठेवलं. खोटं कशाला बोलू, सुरुवात त्याची चांगली होती. आपण आज कुठे आहोत, कुठे जायचंय, आपली ताकद कशात, उणीव कशात, बाहेर संधी काय, धोका काय, हे सगळं त्याने भिंतभर कागदावर मांडलं. योजनेचा पाया असाच घालतात. पण सगळ्या बाणांच्या शेवटी, खाली कोपऱ्यात, काड्यापेटीएवढा एक चौकोन होता. त्यात लिहिलं होतं: मनुष्यबळ, ४४.

फळाताई चष्मा लावून त्या चौकोनापुढे उभी राहिली.

“साहेब, हा आकडा कसला?”

“माणसं, ताई.”

“कोणती?”

“कोणती म्हणजे? सगळी.”

“सगळी म्हणून कोणी कामाला येत नाही, साहेब. एकेक जण येतो.”

साहेब हसले, आणि त्यांनी ‘उणिवा’च्या रकान्यात आणखी एक ओळ घातली: जुन्या कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध.

निर्णय झाला. फळा काढायचा. जोड्या आता कॉम्प्युटर लावणार, हजेरीच्या क्रमाने: पहिला दुसऱ्याबरोबर, तिसरा चौथ्याबरोबर. नव्या हॉस्पिटलचं काम आठवडाभर चाचणीवर, रोज बाराच्या गाडीला सगळ्या चादरी घडी होऊन गेल्या पाहिजेत. चाचणी पार पडली की कॉम्प्युटरची यादी कायम, आणि फळाताई कायमची खाली, गाठोड्यांच्या खोलीत, डागाच्या चादरी वेगळ्या काढायला. फळ्याचा हूक शनिवारीच भिंतीतून उपटला. तिने खडूचे तुकडे तेवढे एका डबीत घालून घरी नेले. तिचा नवरा सांगत होता, डबी कपाटात कपड्यांखाली ठेवली, एखाद्या बाईने दागिना ठेवावा तशी.

त्याच शनिवारी साहेबांनी दुसरी उणीवही दूर केली. तक्त्यावर होतं, कर्मचाऱ्यांमध्ये सुसंवादाचा अभाव. म्हणून सगळ्यांना गोल बसवलं. लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, आणि ज्याच्याकडे फेकला त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. कशी कोण जाणे, धाकटीने गुंडा फेकला तो थोरलीच्या मांडीत. धाकटी म्हणाली, माझ्या आजारपणात रोज दाराशी डबा कोण ठेवून जायचं, ते मला माहीत होतं. थोरलीचा बांध फुटला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, लोकर दोघींच्या गळ्यात पडली, साहेबांनी फोटो काढला. हाच योजनेच्या मुखपृष्ठावर, असंही म्हणाले.

सोमवारी बाराची गाडी आली तेव्हा तीनशे चादरी टेबलांवर लोळत होत्या.

कॉम्प्युटरने वर्षानुवर्षं एकत्र असलेल्या फक्त एका जोडीला हात लावला नव्हता: दोघी जावा एकाच दिवशी कामाला लागलेल्या, त्यामुळे हजेरीत एकाखाली एक. आणि त्या बोलत होत्या. सहा वर्षांचं बोलणं साचलेलं. धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मोडलं होतं, पुन्हा ठरलं होतं. थोरलीच्या घरात गळती लागली होती, प्लंबर तिसरा होता. बोलायचं तर हात लागतात, हात लागले की चादर सुटते. इतर टेबलांवर उंचांसमोर बुटके. मंगळवारी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी एक गठ्ठा परत पाठवला, सोबत चिठ्ठी: या चादरी आहेत की पतंग? त्या दिवशी पाचशे राहिल्या.

मी इथल्या कामगारांची पुढारी, मंगळवारी दुपारी पोचले ती संप करायच्याच तयारीने. घोषणा रिक्षातच जुळवल्या होत्या. फळाताई गाठोड्यांत बसली होती, नाकाला रुमाल बांधून. मी म्हटलं, ताई, आता बुडू दे यांना, एक बोटही उचलू नकोस, आपोआप तुझे पाय धरतील.

तिने रुमाल खाली केला. “बुडायला ते एकटे आहेत का? वर-खाली मिळून आम्ही चव्वेचाळीस जण आहोत. तू एकीची तरी उंची सांग बघू मला.”

मला सांगता येईना. मी त्यांची पुढारी आणि मला सांगता येईना. घोषणा मी तशाच घेऊन बसले.

तासाभराने मालक स्वतः खाली आले. डागाच्या चादरींचा वास असा असतो की माणूस आपोआप नम्र होतो. म्हणाले, तीन दिवस उरलेत, काही करता येईल का. फळाताईने हातातलं गाठोडं आधी संपवलं. मग दोन अटी सांगितल्या: हूक होता तिथेच परत, आणि साहेबांनी उद्या सकाळी एक तास चादरी घडी करायच्या. मालकांनी दोन्ही मान्य केल्या. दुसरी जरा जास्तच आनंदाने, असं मला वाटलं.

बुधवारी पावणेसातला फळा जागेवर होता आणि डबीतला खडू फळ्यावर. मी दारात उभी राहून वाचत गेले. साहेब गुणगुणणाऱ्याबरोबर, अकरा नंबर. बाकीचे जुन्या जागी. सात नंबर रिकामा. आणि सगळ्यात खाली: थोरली, धाकटी — जिना.

साहेब घाबरे झाले. सगळ्यात वेगवान हात जिन्यात?

“दोघींना चहा द्या आणि जिन्यात बसवा,” फळाताई म्हणाली. “बोलू द्या पोटभर. सुटकेसपर्यंत पोचतीलच.”

साहेबांना एक तास म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. पहिली चादर त्यांनी डोक्यावरून घेतली, दुसरी पायाखाली, तिसरीला गुणगुणणारा म्हणाला, साहेब, तुमचा बाण माझ्याकडे येतोय. नवव्या चादरीला एक घडी बरी आली, तेव्हा ती त्यांनी दोन टेबलं पलीकडे नेऊन दाखवली.

जिन्यातून आधी हसू ऐकू येत होतं. मग लग्न. मग प्लंबर. मग प्रवास. मी फळाताईकडे बघितलं, ती घड्याळाकडे बघत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी आवाज चढले. एक वाक्य स्पष्ट वर आलं: “चार होती म्हणजे चार होती.” मग एकदम शांतता.

धाकटी वर आली, सात नंबरला उभी राहिली. थोरली आली, समोर उभी राहिली. कोणी कोणाकडे बघितलं नाही. पहिली चादर हवेत गेली तिचा फटका मला दाराशी ऐकू आला.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना गाडी भरली. गुरुवारी पाव तास आधी. शुक्रवारी ड्रायव्हरला जेवायला वेळ मिळाला. काम कायम झालं आणि फळाही.

मी मात्र तिच्यावर चिडले होते. म्हटलं, दोघींचं जुळलं होतं, तू पुन्हा तोडलंस, कशासाठी, चादरींसाठी?

“मी काही तोडलं नाही. मी बसायला जागा दिली,” ती म्हणाली. “आणि आज सुटल्यावर गेटपाशी थांब.”

थांबले. थोरली बाहेर पडली, धाकटी दहा पावलं मागून. थोरलीला संध्याकाळी कमी दिसतं. रस्ता ओलांडायच्या जागी धाकटी मोठ्याने खोकली, तशी थोरली थांबली. गाडी गेली. मग धाकटी पुन्हा खोकली आणि थोरली चालू लागली. एक शब्द नाही. सहा वर्षं असंच घरी जातात म्हणे. मी गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं किती दुर्मीळ आहे ते मला ओळखणारे सांगतील.

पंधरा दिवसांनी साहेब पक्की योजना घेऊन आले, छापून. मुखपृष्ठावर गळाभेट. आत फळाताईच्या अठरा वर्षांना नाव दिलं होतं: युग्म-समन्वय प्रणाली. फळाताईचं नाव कुठेही नव्हतं, आणि खाली कोपऱ्यात तीच काड्यापेटी: मनुष्यबळ, ४४. मी टेबलावर हात आपटायला उचललाच होता. तिने माझ्या मनगटाला धरून तो खाली ठेवला आणि साहेबांचं पेन मागून घेतलं.

चौकोनात ती नावं लिहायला लागली. बारीक अक्षरात, प्रत्येक नावापुढे दोन शब्द: खिडकी लागते. फळा वाचत नाही, सांगावं. रागावू नये, लगेच सोडून जाईल. यंत्र बिघडण्याआधी हिला वास येतो. सहाव्या नावाला चौकोन भरला.

“ताई, मावत नाहीत,” साहेब म्हणाले.

“मग चौकोन मोठा करा.”

केला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नवीन कागदावर निम्म्याच्या वर तो चौकोनच आहे, आणि बाण एका कडेला अंग चोरून उभे आहेत. पाच वर्षांनी किती चादरी, हे आता त्या नावांवरून काढलेलं आहे: कोण तेव्हा असेल, कोणाचा खांदा जाईल, कोणाला आतापासून काय शिकवायचं. योजनेचा पाया आणि माणसं सांभाळणं, ही दोन वेगवेगळी पुस्तकं मी वाचली होती. ती एकाच कागदावर मी पहिल्यांदा तिथे पाहिली.

त्या यादीत चव्वेचाळिसावं नाव तिचं स्वतःचं. पुढे तिच्याच अक्षरात: दोन वर्षांनी निवृत्त. फळा शिकायला माणूस हवा. आणि त्यापुढे एक रिकामी ओळ.

तेव्हा तुम्हाला एकच मागणं. उद्या कामावर जाल तेव्हा तुमच्या इथला खडू कोणाच्या हातात आहे ते शोधा. असतेच अशी एक बाई किंवा बुवा, हुद्दा नसलेला. सापडला की आठवडाभर त्याच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, ही जोडी अशी का लावली. तो जे सांगेल ते लिहून घ्या. नावासकट.