बिनचिठ्ठीच्या बाटल्या

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडच्या बायका अजून लाजतात. मी नाही लाजत. सहादेव. पण केडगावात येऊन सहादेव कुठं राहतात म्हणून विचाराल, तर कुणी घर दाखवणार नाही. बंदूकवाले मिस्त्री म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारात आणून सोडेल. बंदूक म्हणजे माणसं मारायची नव्हे हो, छर्ऱ्याची. जत्रेत फुगे फोडायला असते ती, आणि वानरं हाकलायला शेतकरी ठेवतात ती. तिची स्प्रिंग तुटली, वॉशर गेला, की कर्जत-जामखेडपासून माणसं आमच्या अंगणात येऊन बसायची. मी पुष्पावती, ह्यांची बायको. अडतीस वर्षं ह्यांच्या तेलकट शर्टांना साबण लावलाय, तेव्हा ह्यांच्याबद्दल बोलायचा हक्क पहिला माझा.

हे सोळाव्या वर्षी नगरात आप्पासाहेब वस्तादांच्या कारखान्यात लागले. कारखाना कसला, पत्र्याची एक खोली. पण त्या खोलीच्या वासाबद्दल बोलायला लागले की ह्यांचं जेवण थंड व्हायचं. तेलात मुरलेलं चामडं, कानशीनं घासलेलं लोखंड, भट्टीतला कोळसा, आणि सगळ्यावर वस्तादांची विडी. वस्तादांचा एक नेम होता. तेलाच्या कुठल्याच बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची नाही. सगळ्या बाटल्या एकसारख्या, एका फळीवर. "चिठ्ठी वाचून तेल घालणारा मिस्त्री न्हाई, तो हमाल," असं म्हणायचे. नाकानं ओळखायचं. चुकीची बाटली उचलली की पाठीत गज बसायचा. ह्यांनी तो नेम जन्मभर पाळला. आमच्या पडवीतल्या फळीवरही सात बाटल्या, सातही उघड्या-बोडक्या. मी एकदा बोलले, चिठ्ठ्या लावून देते, माझं अक्षर बरं आहे. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं तोंड करून फिरत होते.

वस्ताद गेले, कारखान्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान झालंय. मग ह्यांना नाद लागला. जुन्या बंदुकांचं सामान जमवायचं. छर्ऱ्यांचे गोल पत्र्याचे डबे, तेल सोडायची पितळी पिचकारी, नळी साफ करायचे गज, नेम धरायला नळीच्या टोकावर असतात त्या माश्या, लोकरीच्या तुऱ्याचे बाण, आणि चामड्याचे वॉशर, काही तर चाळीस वर्षांपूर्वीचे. कुणाचा म्हातारा गेला, माळा उपसला जातोय असं कळलं की हे एसटीत बसलेच. भंगारवाले हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू! सगळं एका लोखंडी ट्रंकेत ठेवायचे. संध्याकाळी झाकण उघडायचं, तोंड आत घालायचं आणि डोळे मिटून बसायचं. दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, माझा ट्रंक पितो, असं मी शेजारणीला सांगायचे.

मग तो करोना आला. दुसऱ्या लाटेत हे तेरा दिवस दवाखान्यात होते. वाचले, देवाची कृपा. घरी आल्यावर आठवड्याभरात मी एकदा नळावर गेले होते, चुलीवर दूध होतं. परत येते तर घर धुरानं भरलेलं, पातेलं काळंठिक्कर, आणि हे तिथंच दोन हातांवर बसून वॉशर कापतायत. "अहो, नाक कुठं गहाण ठेवलंत?" मी ओरडले. "ध्यान नव्हतं," म्हणाले. मला तिथंच कळलं. डॉक्टर म्हणाले होते, काहींचा वास जातो, काहींचा परत येतो, काहींचा नाही. ह्यांचा आला नाही.

पण कबूल करतील तर शपथ. रोज संध्याकाळी ट्रंक उघडायचीच, तोंड आत घालायचंच. एकदा मी मागून बघितलं, तर खांदे हलत होते. एक एक वॉशर नाकाला लावत होते आणि खाली ठेवत होते. वाटलं जावं, पाठीवर हात ठेवावा, म्हणावं, राहू द्या, मला ठाऊक आहे. पण अभिमानी माणूस. म्हणलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे झाकलेली.

कामाला मात्र नाक लागतंच की. मग ह्यांनी युक्ती काढली. बाटली घेऊन माझ्याकडं यायचे. "बघ गं, हे तेल खवट झालंय का?" मी वास घ्यायचे आणि सांगायचे, "नाही, करडईचं चांगलं आहे." किंवा, "अहो, ह्यात तर रॉकेल आहे." ते "हां, तेच म्हणत हुतो" म्हणून परत जायचे. अशी तीन वर्षं मी ह्यांचं नाक झाले. दोघांनीही कधी तसं बोलून दाखवलं नाही. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या पडवीत माझ्यावाचून काम अडत होतं.

आता त्या दोन तेलांचं सांगायला हवं. बंदुकीच्या पोटात चामड्याचा वॉशर असतो, तोच हवा दाबतो. तो करडईच्या तेलात मुरवायचा आणि वरून तेच तेल थोडं सोडायचं. दुसरं तेल गंज सोडवायचं, त्यात अर्धं रॉकेल. रंग दोन्हींचा पिवळाच, आणि उन्हाळ्यात जाडीही बोटाला कळत नाही. पण गंजाचं तेल आत राहिलं, तर हवा दाबली की ते आतल्या आत पेटतं. मग फुगा फोडणारी बंदूक राक्षसासारखी सुटते. हे मला ठाऊक होतं. ह्यांनीच शिकवलं होतं.

गेल्याच्या गेल्या चैत्रात माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं, जामखेडला भावाकडं. पंगत बसायला आली, पानं वाढली, आणि जावई गायब! कुणाच्या तरी माळ्यावर छर्ऱ्यांचा जुना डबा आहे म्हणून बघायला गेले होते. माणसं पानावर ताटकळली. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजींना आमच्या आईपरीस पत्र्याचा डबा मोठा हाय." माझी मान खाली गेली. तासाभरानं हे डबा छातीशी धरून हसत आले. मी परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाई आली. ही जत्रांतून फुग्यांचा स्टॉल लावते. नवरा नाही, दोन बंदुका आणि एक फळा, त्यावर तिचं घर चालतं. एका बंदुकीचा वॉशर बदलायचा होता. त्याच दुपारी कर्जतच्या पुढं एका गावची जत्रा, तिचा टेम्पो बाहेर उभा, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारतोय. ह्यांनी वॉशर बसवला आणि बाटली घेऊन माझ्याकडं आले. मी कणीक मळत होते. डोक्यात अजून भावाचं बोलणं.

"बघ गं, हे खवट—"

"चांगलं आहे," मी म्हणाले. मान वर केली नाही. बाटली नाकाजवळ आली तशी मी तोंड फिरवलं. "घाला जा. आणि मला विचारायला येऊ नका, तुमच्या डब्याला विचारा."

त्यांनी बाटली उजेडाला धरून बघितली. मग गेले. एरवी छर्रा घालून दहा बार काढायची ह्यांची रीत. त्या दिवशी हॉर्न वाजत होता, एकच रिकामा बार काढला आणि बंदूक दिली. छर्रा नसला की हवा पुरती दाबली जात नाही, आवाज साधाच आला.

दुपारी तीनला फोन आला. कुणा गिऱ्हाइकानं पहिलाच बार काढला आणि तोफेसारखा आवाज झाला. छर्रा फुग्यातून आरपार गेला, मागच्या लोखंडी चौकटीवर आपटून उलटा आला. रतनबाई बाजूला फुगे बांधत होती. उजव्या डोळ्यात.

आम्ही नगरच्या दवाखान्यात गेलो. तिच्या अर्ध्या तोंडावर पट्टी. डोळा वाचणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच सांगितलं होतं. हे खाटेपाशी जाऊन उभे राहिले. तर तीच म्हणाली, "मिस्त्री, तुमी कशाला आलाव एवढ्या लांब? तुमची चूक न्हाई. बंदूकच लई म्हातारी झाल्ती." मला वाटलं धरणी दुभंगावी. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हवालदार आला, त्यानं विचारलं. हे म्हणाले, "तेल मी घातलं. हात माझा, चूक माझी. लिवा." माझं नाव कुठंच निघालं नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला टेकून उभी होते.

चार दिवस मी ते पोटात ठेवलं. ह्यांनी काम बंद केलं होतं, पडवीत पाय टाकत नव्हते. अन्न गोड लागेना. पाचव्या दिवशी हे ताटावर बसले असताना मी बोलून टाकलं.

"अहो, मी वास घेतलाच नव्हता. रागात होते. तसंच सांगितलं, चांगलं आहे म्हणून."

त्यांनी घास खाली ठेवला. "ठाव हाय मला."

"काय ठाऊक?"

"तू तोंड फिरवलंस. म्या बघितलं हुतं."

मला राग आला, एवढा राग आला. "बघितलंत? आणि तरी ओतलंत? बाई माणसाच्या स्टॉलवर जाणार होती ती बंदूक! परत विचारायला काय जीभ झडली होती?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "परत विचारलं असतं तर तू म्हणली असतीस, तुमीच घ्या की वास. मग सांगावं लागलं असतं. मला वास येत न्हाई, पुष्पा. करोनापासनं. कुनालाच ठाव न्हाई."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माणसानं मन उघडं केलं होतं, आणि मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

"अहो, मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे," मी म्हणाले.

"व्हय?" ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, "व्हय? ठाव असून तोंड फिरवलंस?" आणि उठून हात न धुताच बाहेर ओट्यावर जाऊन बसले. रतनबाईला त्याच दिवशी घरी सोडणार होते, तिला आणायला जायचं होतं. मीच एकटी गेले.